परदेशी शिष्यवृत्ती : लंडनला पाठवले, पण जगायचे कसे?

दरवर्षी सप्टेंबर महिना आला की महाराष्ट्रातील बौद्ध, मातंग, चर्मकार वस्त्यांतून कोणी ना कोणी मुलगा-मुलगी लंडनला शिकायला निघते. विहारात सत्कार होतो, नाक्यावर फ्लेक्स लागतो, पुढारी शाल घालतात आणि विमानतळावर फोटो निघतो. यात गैर काहीच नाही. ज्या समाजाच्या लेकरांना शाळेच्या दाराबाहेर बसवले, त्या समाजाची मुलगी जगातल्या नामांकित विद्यापीठात जाते, याचा आनंद समाजाने करायचा नाही तर कोणी करायचा? परंतु फ्लेक्स उतरल्यावर त्या मुलीचे पुढे काय होते? ती कोठे राहते, काय खाते, तिची फी वेळेवर पोहोचते की नाही, याची विचारपूस करणारे फार थोडे. ज्या शासनाने तिला पाठवले ते तर करीतच नाही. या प्रश्नाचा आज येथे विचार करावयाचा आहे.

आधी वस्तुस्थिती पाहू. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना परदेशी पाठविणाऱ्या दोन प्रमुख सरकारी योजना आहेत. पहिली केंद्राची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती. ही १९५४-५५ पासून चालू आहे आणि २०२१-२२ पासून तिच्यात १२५ जागा आहेत. त्यांपैकी ११५ अनुसूचित जातींसाठी, उरलेल्या विमुक्त-भटक्या जमाती, भूमिहीन शेतमजूर व पारंपरिक कारागीर यांच्यासाठी. दुसरी महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती. तिच्यात दरवर्षी ७५ जागा. म्हणजे सबंध देशातील कोट्यवधी दलितांसाठी केंद्राच्या जागा सव्वाशेही भरत नाहीत. आणि एवढ्यादेखील सुखासुखी मिळत नाहीत. जुलै २०२५ मध्ये केंद्राने १०६ विद्यार्थ्यांची निवड जाहीर केली, पण तात्पुरते मंजुरीपत्र दिले फक्त ४० जणांना. उरलेल्या ६६ जणांना सांगण्यात आले की निधी उपलब्ध झाला तर पाहू! विद्यापीठाचा प्रवेश हातात, निवड यादीत नाव, आणि सरकार म्हणते पैसे असले तर! सप्टेंबरमध्ये वर्ग सुरू होणाऱ्या विद्यार्थ्याने जुलैत असे उत्तर ऐकल्यावर काय करायचे?

महाराष्ट्राची कथाही फार वेगळी नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये राज्य शासनाने सर्व विभागांच्या परदेशी शिष्यवृत्त्यांसाठी 'समान धोरण' आणले. ऐकायला शब्द गोड. पण त्यातून ७५ टक्के गुणांची अट आणि फीच्या रकमेवर कमाल मर्यादा पुढे आली. २०२४ मध्ये आंबेडकरी विद्यार्थी व संघटनांनी आवाज उठविला, तेव्हा अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांबाबत शासनाला माघार घ्यावी लागली. समाज जागा राहिला म्हणून हे झाले. झोपला असता तर?

हिशेब कागदावरचा आणि लंडनचा

मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावची एक विद्यार्थिनी लंडनमधील एका विद्यापीठात एक वर्षाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला गेली. वडील एस.टी.च्या आगारात नोकरीला, आई शिवणकाम करते. तिचे प्रतिज्ञापत्र, बंधपत्र, जामीनदारांची कागदपत्रे आमच्या टेबलावरून गेली, म्हणून तिचा प्रवास आम्हाला जवळून ठाऊक आहे. तिचे नाव देण्याचे कारण नाही, कारण जे तिच्या वाट्याला आले ते कमी-अधिक प्रमाणात अनेकांच्या वाट्याला येते.

शिष्यवृत्तीधारकाला इंग्लंडमध्ये निर्वाह भत्ता किती? केंद्राच्या २०२४-२५ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे वर्षाला ९,९०० पौंड. म्हणजे महिन्याला ८२५ पौंड. आता ब्रिटिश सरकार काय म्हणते ते पाहा. परदेशी विद्यार्थ्याला व्हिसा देताना लंडनमध्ये राहण्यासाठी महिन्याला किती पैसे लागतात याचा आकडा ते सरकार ठरवून देते. तो जानेवारी २०२५ मध्ये १,४८३ पौंड झाला आणि नोव्हेंबर २०२५ पासून १,५२९ पौंड. व्हिसासाठी जास्तीत जास्त नऊ महिन्यांचे पैसे दाखवावे लागतात. त्या नऊ महिन्यांचेच होतात १३,७६१ पौंड. आपले सरकार बारा महिन्यांसाठी देते ९,९००. पूर्ण सरकारी शिष्यवृत्ती असलेल्याला ही रक्कम बँकेत दाखवावी लागत नाही, शिष्यवृत्तीचे पत्र चालते. पण पत्र दाखवून व्हिसा मिळतो, घरभाडे भरले जात नाही.

या मुलीने पूर्व लंडनमध्ये ईस्ट हॅमला एका घरात एक खोली घेतली. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर पाच जणांत मिळून. भाडे आठवड्याला १९० पौंड. महिन्याचा हिशेब केला तर सव्वाआठशे पौंड. भत्ता तेथेच संपला! मग धान्य, प्रवास, पुस्तके, थंडीचे कपडे कशातून? शिवाय घरमालकाला सुरुवातीलाच पाच आठवड्यांच्या भाड्याइतकी अनामत द्यावी लागते, आणि तो ब्रिटनमध्ये राहणारा हमीदार मागतो. एस.टी. कामगाराच्या मुलीने लंडनमध्ये हमीदार कोठून आणायचा?

विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला जास्तीत जास्त २० तास काम करता येते. ती शनिवार-रविवारी एका कॅफेत भांडी घासू लागली. कामाची लाज नाही, आमच्या पिढ्या कष्टावरच जगल्या. पण ज्या मुलीला सरकारने अभ्यासासाठी पाठवले तिचे दोन दिवस भांड्यांत जात असतील तर ती शिष्यवृत्ती कसली? तिच्याच वर्गातील सधन घरची मुले ते दोन दिवस ग्रंथालयात घालवतात. परीक्षेत मात्र दोघांचे पेपर एकाच मापाने तपासले जातात.

आणि हा अपुरा भत्ताही वेळेवर आला का? ती सप्टेंबरच्या मध्यात पोहोचली. भत्त्याचा पहिला हप्ता आला डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात. या अडीच महिन्यांत वडिलांनी पतसंस्थेचे कर्ज काढले, आईने दागिना गहाण ठेवला. फीचा हप्ता न पोहोचल्याने विद्यापीठाकडून नोंदणी थांबविण्याची सूचना देणारे ई-मेल येऊ लागले. संबंधित कार्यालयाला फोन केला तर एकच उत्तर, फाईल वर गेली आहे. भारतातले कार्यालय सकाळी साडेदहाला उघडते, तेव्हा लंडनमध्ये पहाटेचे पाच वाजलेले असतात. ती मुलगी पहाटे गजर लावून उठायची, फोन लावायची आणि फाईल कोणत्या टेबलावर आहे ते विचारायची. डिसेंबरात लंडनला दुपारी चारच्या आत सूर्य मावळतो. त्या दिवसांत तिच्या मनाची काय अवस्था झाली असेल याची कल्पना शासननिर्णय लिहिणाऱ्यांनी करून पाहावी.

तिथेही जात पोहोचली

लंडनने तिला काही दिलेच नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. उलट, जे इथल्या महाविद्यालयाने पाच वर्षांत दिले नाही ते तिथल्या वर्गाने पाच महिन्यांत दिले. प्राध्यापकाला नावाने हाक मारायची, त्याचे म्हणणे पटले नाही तर तोंडावर सांगायचे, आणि त्याने रागावण्याऐवजी आणखी दोन पुस्तके सुचवायची! पहिला महिनाभर ती वर्गात एक शब्द बोलली नाही. दहावीपर्यंत मराठी माध्यम, इंग्रजी उच्चारांची धास्ती. एकदा जमीनमालकी आणि जात यावर चर्चा चालली असता तिने गावातील गायरान जमिनीचा प्रश्न मोडक्यातोडक्या इंग्रजीत मांडला. सगळा वर्ग ऐकत राहिला. तिच्या जगण्यातले ज्ञान हे ज्ञान आहे, असे तिला प्रथमच कोणीतरी सांगितले. हे सामर्थ्य परदेशी शिक्षणातून येते. म्हणून तर या शिष्यवृत्त्या टिकल्या आणि वाढल्या पाहिजेत.

पण वर्गाबाहेर काय? खोली शोधताना भारतीय विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तिला वेम्बलीतील एका खोलीची माहिती मिळाली. जाहिरातीत लिहिले होते, फक्त शाकाहारी. तिने फोन केला. समोरच्या बाईंनी प्रेमाने चौकशी केली, गाव कोणते, आडनाव काय, घरी देव कोणते. दुसऱ्या दिवशी निरोप आला, खोली दिली गेली. दोन दिवसांनी तीच खोली तिच्या वर्गातील दुसऱ्या महाराष्ट्रीय मुलीला मिळाली. पुढे मराठी मुलांच्या एका जेवणात कोणीतरी हसत म्हणाले, तुमचे बरे आहे, सरकारच्या पैशाने लंडन. तो मुलगा स्वतः बापाच्या पैशाने आला होता. त्या बापाला पिढ्यान्‌पिढ्यांची जमीन आणि नोकरी कोठून मिळाली, हे त्याला कोणी विचारले नाही.

खोलीच्या बाबतीत जे घडले ते इंग्लंडच्या कायद्यात बसते का? येथे कायद्याची स्थिती नीट समजून घेतली पाहिजे. तेथे २०१० चा समता कायदा आहे. त्यात वंश, रंग, लिंग, धर्म यांवरून भेदभावाला बंदी आहे. 'जात' हा शब्द मात्र संरक्षित गुणांच्या यादीत नाही. कलम ९(५) मध्ये फक्त एवढेच होते की मंत्री आदेश काढून जातीचा समावेश वंशाच्या व्याख्येत करू शकतो. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ब्रिटिश सरकारनेच करवून घेतलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. ब्रिटनमध्ये जातीवरून छळ आणि भेदभाव होत असल्याचे पुरावे त्यात आले. तेथील दलित संघटनांच्या लढ्यामुळे २०१३ मध्ये संसदेने कलमात बदल केला, 'करू शकतो' च्या जागी 'केलेच पाहिजे' असे आले. तरीही आदेश निघाला नाही. तेथील काही हिंदू संघटनांनी कडाडून विरोध केला आणि २०१७ च्या जनसल्लामसलतीनंतर जुलै २०१८ मध्ये सरकारने जाहीर केले की स्वतंत्र तरतूद करणार नाही, न्यायालयीन निर्णय पुरेसे आहेत.

हा न्यायालयीन निर्णय म्हणजे तिर्की खटला. भारतातून नेलेल्या एका आदिवासी घरकामगार महिलेला मालकांनी नाममात्र मोबदल्यावर वर्षानुवर्षे राबविले. डिसेंबर २०१४ मध्ये तेथील कामगार अपील न्यायाधिकरणाने म्हटले की जात ही काही प्रकरणांत 'वांशिक मूळ' या व्याख्येत येऊ शकते. २०१५ मध्ये तिला थकीत वेतनापोटी सुमारे १ लाख ८४ हजार पौंड देण्याचा आदेश झाला. निकाल मोलाचा आहे. पण वकील या नात्याने आम्ही सांगतो, 'येऊ शकते' आणि 'येते' यांत फार अंतर असते. ते अंतर पीडिताला स्वतःच्या खर्चाने, स्वतःच्या पुराव्याने पार करावे लागते. एक वर्षाच्या व्हिसावर आलेली, ८२५ पौंडांवर जगणारी मुलगी एका खोलीसाठी लंडनच्या न्यायालयात जाईल का? ती गप्प बसते आणि ईस्ट हॅमला खोली घेते. जातिवाद्यांना नेमके हेच ठाऊक असते.

काय शिकायचे तेही तेच ठरविणार?

पैशापेक्षाही गंभीर बाब पुढची आहे. २०२२ मध्ये केंद्राने राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीच्या मार्गदर्शक सूचनांत एक नवी अट घातली. भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास किंवा भारतावरील सामाजिक अभ्यास या विषयांवरील संशोधनाला ही शिष्यवृत्ती मिळणार नाही. युक्तिवाद असा की भारताविषयीचे संशोधन भारतातच करावे. वरवर बिनतोड वाटणाऱ्या या युक्तिवादाची चिकित्सा करू. जातीचा अभ्यास भारतातील विद्यापीठांत करताना मार्गदर्शक कोण असतो, विषय कोण मंजूर करतो, मुलाखत मंडळावर कोण बसतो? ज्या व्यवस्थेची तपासणी करायची तिच्याच अंगणात बसून करा, असे सांगण्याचा हा प्रकार आहे. शेतकऱ्याचा मुलगा परदेशात जाऊन भारतातील मातीवर संशोधन करू शकतो, पण दलिताच्या मुलीने भारतातील जातीवर संशोधन करायचे नाही, हा कोणता न्याय?

हीच अट शंभर वर्षांपूर्वी असती तर? बाबासाहेबांनी मे १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात वाचलेला निबंध होता भारतातील जातींवर. भारतावरील सामाजिक अभ्यासच तो! लंडनला १९२१ मध्ये एम.एस्सी.साठी त्यांनी विषय घेतला तो ब्रिटिश भारतातील प्रांतिक वित्ताचा आणि डी.एस्सी.चा प्रबंध रुपयाच्या प्रश्नाचा. भारताचे प्रश्न घेऊनच ते परदेशी गेले आणि त्यांची उत्तरे घेऊन परतले. २०२२ ची अट ज्यांनी लिहिली त्यांना बाबासाहेबांचा पुतळा चालतो, बाबासाहेबांचा विषय चालत नाही.

शिष्यवृत्तीच्या मुदतीचा फटका तर खुद्द बाबासाहेबांनाच बसला होता. १९१६ मध्ये ते लंडनला आले, ग्रेज इन आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये नाव नोंदविले. पण बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये अभ्यास अर्धवट सोडून त्यांना परतावे लागले. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पूर्ण करण्याची सवलत विद्यापीठाने दिली, एवढाच आधार. पुढे सिडनहॅम महाविद्यालयातील प्राध्यापकीच्या पगारातून पै-पै साठवली, मित्र नवल भथेना यांच्याकडून पाच हजार रुपये उसने घेतले, राजर्षी शाहू महाराजांनी दीड हजारांची मदत केली, आणि १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. तीन वर्षे वाया गेली ती बुद्धी कमी पडली म्हणून नव्हे, पैसा कमी पडला म्हणून. एका संस्थानाच्या तिजोरीला मर्यादा असू शकतात. पण आजचे सार्वभौम प्रजासत्ताक एका मुलीला अडीच महिने उपाशी ठेवते, त्याला कोणती मर्यादा कारण आहे? संविधानाचे कलम ४६ सांगते की अनुसूचित जाती-जमातींच्या शैक्षणिक हिताची राज्याने विशेष काळजी घ्यावी. ही शिष्यवृत्ती खैरात नाही. संविधानाने राज्यावर सोपविलेले ते कर्तव्य आहे.

लंडनमध्ये १० किंग हेन्रीज रोड येथे, प्रिमरोझ हिलजवळ, बाबासाहेब १९२१-२२ मध्ये राहिले ते घर महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये सुमारे ३१ लाख पौंडांना विकत घेतले. तेथे संग्रहालयाला स्थानिक कौन्सिलने हरकत घेतली, चौकशी झाली आणि मार्च २०२० मध्ये ब्रिटिश सरकारने परवानगी दिली. ते घर समाजाचे प्रेरणास्थान आहे, ते घेतलेच पाहिजे होते. ही विद्यार्थिनीही एका रविवारी कामाला दांडी मारून तेथे जाऊन आली. आमचा प्रश्न एवढाच आहे, स्मारकासाठी ३१ लाख पौंड उभे करणारे शासन, स्मारकातल्या माणसाच्या वाटेने निघालेल्या मुलीचे ८२५ पौंड वेळेवर का देऊ शकत नाही?

मागण्या आणि आपली जबाबदारी

शासनाकडे आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. निवड यादी जूनपूर्वी लागावी आणि निवड झालेल्या प्रत्येकाला मंजुरीपत्र मिळावे, 'निधी उपलब्ध झाल्यास' ही भाषा बंद व्हावी. निर्वाह भत्ता ब्रिटिश सरकारच्या अधिकृत आकड्याशी जोडावा आणि दरवर्षी सुधारावा. पहिल्या तीन महिन्यांची रक्कम विमानात बसण्यापूर्वी खात्यात जमा व्हावी. संशोधन-विषयावरील बंदी पूर्णपणे रद्द करावी. आणि विद्यार्थ्याच्या तक्रारीला ठरावीक दिवसांत लेखी उत्तर देणारा जबाबदार अधिकारी नेमावा.

विद्यार्थ्यांना वकील म्हणून आमचा सल्ला असा. फोनवर विसंबू नका. प्रत्येक गोष्ट ई-मेलने, तारखेसह लिहा. उत्तर न आल्यास घरच्यांमार्फत माहिती अधिकाराचा अर्ज करा, कायद्याने ३० दिवसांत माहिती द्यावी लागते. मंजुरीपत्र हाती असताना पैसे अडविले तर उच्च न्यायालयात कलम २२६ खाली दाद मागता येते.

आता थोडे आपल्या स्वतःच्या समाजाविषयी. या मुलीला जामीनदार शोधताना तिच्या वडिलांनी समाजातील सहा नोकरदारांचे उंबरठे झिजविले. त्यांत प्राध्यापक होते, एक राजपत्रित अधिकारी होते. सर्वांनी पेढा खाल्ला, सही कोणी केली नाही. शेवटी सही केली ती आगारातल्या एका वाहकाने आणि जिल्हा परिषदेच्या एका शिक्षकाने. आरक्षणाने ज्यांना पगार, फ्लॅट आणि पेन्शन दिले त्यांनी एका सहीला घाबरावे? दर जिल्ह्यात पाच-दहा नोकरदारांनी एकत्र येऊन जामीनदारांची यादी आणि तीन महिने उसने देता येईल असा निधी उभा केला, तर किती मुलींचे दागिने गहाण पडायचे वाचतील! इंग्लंडमध्येही आपली माणसे आहेत. साउथहॉल, बेडफर्ड, वुल्व्हरहॅम्प्टन येथे पंजाबातून गेलेले आंबेडकरी बांधव अनेक दशकांपासून राहतात, वुल्व्हरहॅम्प्टनला बुद्धविहार आहे. विद्यार्थी निघण्यापूर्वी त्यांच्याशी संपर्क जोडून दिला तर घरमालकाला दाखवायला हमीदार मिळेल आणि पहिल्या रात्री डोके टेकायला जागाही.

पुढचा सप्टेंबर दूर नाही. ज्या वस्तीत यंदा प्रवेशाचे पत्र आले असेल तेथील कार्यकर्त्यांनी फ्लेक्सच्या खर्चाची पावती फाडण्यापूर्वी त्या घरी जावे आणि तीन गोष्टी विचाराव्यात. मंजुरीपत्र आले का? जामीनदार मिळाले का? पहिल्या तीन महिन्यांचे पैसे आहेत का? एकाचेही उत्तर 'नाही' असेल, तर आधी ते काम करावे. सत्कार नंतर करता येईल.

जय भीम!